अंधाऱ्या घरात आपण आपणहून का शिरतो? मानसशास्त्रीय थरारकथेचे आकर्षण

दिवसभराची दगदग, लोकलमधली गर्दी, घरातले आजारपण आणि फोनवर एकामागून एक येणाऱ्या वाईट बातम्या सोसून झाल्यावर माणसाने रात्री काहीतरी हलकेफुलके वाचावे किंवा पाहावे, अशी आपली साधी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ओटीटीवर येणाऱ्या नव्या मालिकांच्या यादीवर किंवा पुस्तकांच्या दुकानातल्या दर्शनी मांडणीवर नजर टाकली, तर चित्र बरेचदा उलटे दिसते. धुक्यात बुडालेले गाव, पावसाने कुंद झालेले घर, काहीतरी लपवणारा नवरा, स्वतःच्याच आठवणींवर विश्वास न उरलेली बायको आणि भरवसा ठेवावा असा एकही माणूस आजूबाजूला नाही, अशा कथांना आज मोठा वाचक आणि प्रेक्षक आहे. ज्यांना या प्रकाराची गोडी नाही ते साहजिकच विचारतात, की पैसे आणि झोप खर्च करून कोणी स्वतःला अस्वस्थ का करून घ्यावे? प्रश्न रास्त आहे, आणि 'ज्याची त्याची आवड' एवढे म्हणून तो सोडून देण्याइतका किरकोळ नाही. काश्मीरमधल्या एका आचार्याने हजार वर्षांपूर्वी आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अगदी अलीकडे या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि दोघांचेही म्हणणे समजून घेण्यासारखे आहे.

रहस्यकथा, भयकथा आणि ही तिसरी

आधी नावांचा घोळ मिटवू. रहस्यकथेत गुन्हा आधी घडून गेलेला असतो आणि 'कोणी केले?' या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा वाचकाचा आनंद असतो. भयकथेत संकट बाहेरून येते, मग ते भूत असो, श्वापद असो की एखादी अमानवी शक्ती. ज्याला आज सर्रास 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' म्हटले जाते, त्या मानसशास्त्रीय थरारकथेत संकट माणसाच्या मनात किंवा माणसामाणसांमधल्या नात्यात असते. तिथे प्रश्न 'कोणी केले?' असा क्वचितच असतो. 'मला जे दिसते आहे ते खरे आहे का?' आणि 'ज्याच्याबरोबर मी एका छताखाली राहतो, तो नेमका कोण आहे?' हे तिचे प्रश्न असतात. मराठी वाचकाला ही विभागणी परकी नाही. नारायण धारपांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, आणि या दोन वाचकवर्गांची सरमिसळ होत असली तरी दोघांची तहान वेगळी आहे, हे ग्रंथालयात पुस्तके बदलून देणारा कोणीही कर्मचारी सांगेल.

यातला 'सस्पेन्स' हा शब्द आपण धक्क्याच्या अर्थानेही वापरतो, पण धक्का आणि सस्पेन्स या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट केला होता. दोन माणसे टेबलाशी बसून साध्या गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालच्या बॉम्बचा स्फोट होतो, तेव्हा प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, घड्याळ दाखवले, पण त्या दोन माणसांना काहीच माहीत नसू दिले, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात. म्हणजे सस्पेन्स हा माहितीच्या पूर्ण अभावातून येत नाही, तो अर्धवट माहितीतून येतो. पुरते अज्ञान असले तर माणूस निवांत असतो आणि पुरते ज्ञान झाले तरी तो निवांत होतो. अर्धे कळले आणि अर्धे हाती लागत नाही, ही अवस्था मात्र त्याला बसू देत नाही.

एक फोन आणि एक फुटलेली मूर्ती

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहायला डॅफ्नी द्यू मॉरिए यांच्या 1938 मध्ये प्रकाशित झालेल्या 'रिबेका' या कादंबरीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. कथा इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या मोठ्या वाड्यात घडते, आणि लेखिकेने ती लिहायला घेतली तेव्हा ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, नवऱ्याच्या नेमणुकीच्या ठिकाणी राहत होती. हिचकॉक यांनी 1940 मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला आणि आपल्याकडे 1964 मध्ये आलेला वहीदा रहमान यांचा 'कोहरा' हा चित्रपटही याच कथेवर बेतलेला होता.

श्रीमंत बाईच्या सोबतीला राहून पोट भरणारी एक बुजरी तरुणी एका विधुराशी लग्न करून त्याच्या मँडर्ली नावाच्या वाड्यात येते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ती दुसरेपणावर आलेली आहे. पहिली बायको रिबेका मरण पावलेली आहे आणि संपूर्ण कादंबरीत ती एकदाही जिवंत समोर येत नाही. तरी घर तिचेच आहे. जेवणाचा बेत तिच्या आवडीने ठरतो, फुले तिच्या पद्धतीने मांडली जातात आणि तिच्यावर जीव टाकणारी मिसेस डॅन्व्हर्स ही कारभारीण नव्या मालकिणीकडे शांत, थंड नजरेने पाहत राहते. ज्या नव्या बाईच्या तोंडून आपण ही सगळी हकीकत ऐकतो, तिचे स्वतःचे नाव मात्र लेखिका अखेरपर्यंत सांगत नाही.

वाड्यातल्या पहिल्याच सकाळी ती रिबेकाच्या टेबलाशी बसलेली असताना घरातला अंतर्गत फोन वाजतो. पलीकडून विचारणा होते, मिसेस डी विंटर आहेत का? ती गडबडून सांगते, की तुमची काहीतरी चूक होते आहे, मिसेस डी विंटर वारल्या, त्याला वर्ष होऊन गेले. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात येते, की मिसेस डी विंटर आता आपणच आहोत, आणि पलीकडे फोनवर मिसेस डॅन्व्हर्स आहे. या प्रसंगात ना रक्त आहे, ना किंकाळी. एका माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःला नाहीसे केले आहे आणि ते ऐकायला नको असलेल्या व्यक्तीने ऐकले आहे, एवढेच घडले आहे; तरी वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

पुढे तिच्या हातून त्याच खोलीतली चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती फुटते. घरची मालकीण असूनही ती तुकडे लिफाफ्यात भरून खणात मागे दडवून ठेवते. मूर्ती गायब झाल्याचा आळ एका नोकरावर येतो, तेव्हा तिला नवऱ्यासमोर आणि मग कारभारणीसमोर कबुली द्यावी लागते. ज्या घरात प्रत्येकाला सगळे नियम माहीत आहेत आणि फक्त आपल्याला माहीत नाहीत, अशा घरात नव्याने आलेल्या कोणत्याही सुनेला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच ही कादंबरी वाचताना मला इंग्लंड फार दूर वाटत नाही.

वातावरण म्हणजे नुसता अंधार नव्हे

या कथांबद्दल बोलताना 'वातावरणनिर्मिती' हा शब्द हमखास येतो आणि त्याचा अर्थ पाऊस, वीज आणि करकरणारे दार एवढाच घेतला जातो. तेवढ्याने वातावरण होत असते तर आषाढातला कोणताही हवामानाचा अंदाज अंगावर काटा आणू शकला असता. वातावरण तयार होते ते एखादी जागा आणि एखाद्या पात्राची मनःस्थिती यांच्यातली सीमा पुसली गेल्यामुळे. मँडर्लीच्या वाटेवर दुतर्फा दाटून फुललेली रक्तासारखी लाल फुले तशी निरुपद्रवी आहेत, पण ती पाहणारी बाई धास्तावलेली असल्यामुळे ती फुले तिला अंगावर आल्यासारखी वाटतात, आणि आपण तिच्याच डोळ्यांनी पाहत असल्यामुळे आपल्यालाही तसेच वाटते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा कथांची पायवाट पाडणाऱ्या ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापला गेला. त्यात तिने दोन प्रकारच्या भीतींमध्ये भेद केला आहे. समोर उघडे ठाकलेले भीषण दृश्य मनाला आक्रसून, गोठवून टाकते. धूसर आणि अनिश्चित असे जे काही जाणवते, ते मात्र मनाला विस्तारते आणि त्याच्या सगळ्या शक्ती जागवते. आज दोनशे वर्षांनीही हा भेद उपयोगी आहे. प्रेत दाखवणाऱ्या कथेत वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. बंद खोली दाखवणाऱ्या कथेत खोलीत काय आहे ते वाचक स्वतः रचतो, आणि स्वतःची भीती त्याला लेखकापेक्षा चांगली ठाऊक असते.

सिग्मंड फ्रॉईडने 1919 मधल्या एका निबंधात यात आणखी एक बाब जोडली. त्याच्या मते पूर्णपणे अनोळखी गोष्टीपेक्षा, एकेकाळी ओळखीची असलेली गोष्ट परकी होऊन समोर आली की माणूस अधिक हादरतो. कोकणातल्या घरावर बेतलेल्या मराठी कथा आणि मालिका इतक्या परिणामकारक का ठरतात, याचे उत्तर यात बऱ्याच अंशी मिळते. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने ज्या प्रेक्षकांना खिळवून ठेवले, त्यांच्यापैकी कित्येकांचे बालपणीचे उन्हाळे तशाच माजघरात, तशाच पडवीत गेले होते. जिथे आजीच्या कुशीत झोप लागली, तीच जागा रात्री दिवे गेल्यावर आपल्याकडे पाहते आहे असे वाटणे, ही भीती कोणत्याही परदेशी किल्ल्यातून मिळणार नाही.

भीती आवडते तरी कशी?

आता मूळ कोड्याकडे येऊ. भीती ही जीव वाचवण्यासाठीची यंत्रणा आहे. धोका जाणवताच मेंदू शरीराला सावध करतो, ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदय जोरात धडधडू लागते आणि स्नायू पळायला किंवा लढायला सज्ज होतात. ही अवस्था सुखाची नसून सुटकेसाठी असते, मग ती विकत कशाला घ्यायची?

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मिरचीच्या आवडीचा बराच अभ्यास केला, आणि त्यांचे निरीक्षण ठेच्याची गोडी असलेल्या माणसाला पटकन पटेल. जिभेची आग होते, नाकाडोळ्यांतून पाणी येते आणि शरीर 'थांब' म्हणून ओरडते. पण आपल्याला खरा धोका नाही हे मनाला पक्के माहीत असते, आणि शरीराच्या ओरडण्यावर मनाने मिळवलेल्या या छोट्या विजयातच चव असते. ठेच्याची चव भाकरीच्या घासाबरोबर आपण जशी कमीजास्त करतो, तसे पुस्तक मिटण्याचा अधिकारही वाचकाच्या हाती असतो. तो अधिकार काढून घेतला, म्हणजे तीच धडधड खऱ्या आयुष्यात आली, तर त्यात आनंदाचा लवलेश राहत नाही.

ही भीती किती प्रमाणात आवडते, हेही तपासले गेले आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी लोकांना घाबरवण्यासाठीच उभारलेल्या एका 'भुताच्या घरात' 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती मजा आली तेही नोंदवले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मजा सर्वात जास्त आढळली ती मध्यम भीतीला. फार कमी घाबरलेले कंटाळले होते आणि फार जास्त घाबरलेल्यांना ते सोसवले नव्हते. मानसशास्त्रीय थरारकथा संथ गतीने, कमी आवाजात आणि दीर्घकाळ भीती तेवत ठेवते. ती या मधल्या पट्ट्यात फार वेळ राहू शकते, आणि माझ्या मते भयपट पाहू न शकणारी माणसेही या कथा आवडीने वाचतात त्यामागे हेच कारण असावे.

मात्र शरीराच्या हिशेबाने सगळे उलगडत नाही. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या आठ रसांमध्ये भयानक रस आहे, आणि त्यावर इसवी सन 1000 च्या सुमारास भाष्य लिहिणाऱ्या, काश्मीरमधल्या अभिनवगुप्ताने रसाचा अनुभव कसा येतो हे समजावताना नेमके भीतीचेच उदाहरण घेतले आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताच्या रथापुढे एक हरिण धावते आहे. ते मान वळवून पुन्हा पुन्हा रथाकडे पाहते, बाणाच्या धास्तीने मागचे अंग पुढे ओढून घेते आणि दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर गळत जातात. अभिनवगुप्ताचे म्हणणे असे, की हा श्लोक अनुभवणाऱ्या रसिकाला जी भीती जाणवते, ती 'मी घाबरलो' अशी नसते आणि 'ते हरिण घाबरले, माझे काय जाते' अशीही नसते. ती कोणाच्याच मालकीची नसलेली, स्थळकाळातून सुटलेली भीती असते. स्वतःची भीती असेल तर माणूस पळण्याच्या मागे लागतो, परक्याची असेल तर दुर्लक्ष करतो. मालकी नसलेल्या भीतीकडे मात्र तो थांबून, पूर्णपणे पाहू शकतो. फोनवर स्वतःला मृत ठरवणाऱ्या त्या नववधूची भीती आपण अशीच अनुभवतो. भीतीच्या आनंदाचे याहून नेमके स्पष्टीकरण मी वाचलेले नाही.

थकलेल्या माणसाला हे कसे झेपते?

सस्पेन्सचा लक्षावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये पाहिले. मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपलेल्या लोकांना चित्रपटांमधली थरारक दृश्ये दाखवली गेली आणि पडद्याच्या कडांना काळ्यापांढऱ्या चौकटींची लुकलुक चालू ठेवली गेली. कथेतला ताण वाढला, की मेंदू त्या कडेच्या लुकलुकीची दखल कमी घेऊ लागे आणि कथेची दखल जास्त. ताण सैल पडला, की कडा पुन्हा जाणवू लागत.

खऱ्या आयुष्यातल्या काळज्या या बहुतेक कडेवरच्याच असतात. नोकरी टिकेल का, तपासणीचा अहवाल काय येईल, मुलाचे पुढे कसे होईल, या प्रश्नांना ना ठरावीक वेळ असते ना शेवट, आणि त्यांच्यावर रात्री अकरा वाजता करण्यासारखे काही नसते. विनोदी कार्यक्रम त्या काळज्यांना कडेला ढकलू शकतोच असे नाही, कारण त्याच्यासाठी सगळे मन गोळा करावे लागत नाही. थरारकथा ते करायला लावते. शिवाय ती भीतीला एक आकार देते: ही अमुक घरातली, अमुक माणसाबद्दलची भीती आहे आणि तीनशे पानांनी तिचा निकाल लागणार आहे. चिंतेने शिणलेल्या मनाला भीतीपासून पूर्ण सुटका मिळाली नाही, तरी सीमा असलेली भीती मिळणे हीसुद्धा विश्रांती असते.

'मनाचे खेळ आहेत' असे सांगणाऱ्या जगात

इतक्या सगळ्या कारणांनंतरही माझ्या मते मुख्य कारण वेगळे आहे. 'रिबेका' आली त्याच 1938 साली लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टन यांचे 'गॅस लाइट' हे नाटक रंगमंचावर आले. त्यातला नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि त्या बायकोनेच हरवल्या, तिचे डोके ठिकाणावर नाही, असे तिला पटवत राहतो. रोज संध्याकाळी तो बाहेर गेल्यावर खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, याचा अर्थ घरात दुसरीकडे कुठेतरी दिवा लावला गेला आहे. ती बाई ते पाहते, पण आपण पाहिले यावर तिचा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही. मग एक पोलीस अधिकारी येतो, दिव्यातला हा बदल त्यालाही दिसतो, आणि त्या क्षणी तिला मिळालेला दिलासा हा नाटकाचा गाभा आहे.

आपल्या सर्वांच्या, आणि बायकांच्या तर फारच, आयुष्यात अशा मंद होणाऱ्या दिव्यांच्या जागा असतात. कोणाचे तरी वागणे खटकते, बोलण्यात काहीतरी जुळत नाही, एखाद्या नातेवाइकाच्या शेजारी बसायला नको वाटते. आणि सांगायला गेले की ऐकू येते, 'उगीच मनात काही आणू नकोस', 'तुझे आपले काहीतरीच', 'मनाचे खेळ आहेत'. रोजचे जगणे सुरळीत चालावे म्हणून आपण त्या बारीक शंका गिळत जातो. मानसशास्त्रीय थरारकथा हा एकमेव लोकप्रिय कथाप्रकार आहे, जो अशा शंकेला पूर्ण गांभीर्याने घेतो. तिच्यासाठी तो अख्खी कादंबरी खर्च करतो. शंका अखेरीस खरी ठरो वा खोटी, कोणीतरी ती तीनशे पाने ऐकून घेतली, ही गोष्ट वाचणाऱ्याला आत कुठेतरी हवी असते. घर, लग्न आणि जवळची नाती यांच्यावर बेतलेल्या अशा कथा लिहिणाऱ्यांमध्ये आणि वाचणाऱ्यांमध्ये स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने का दिसतात, याचा उलगडा मला तरी इथेच होतो.

कथा सांगणाऱ्यावरच भरवसा ठेवता येत नाही, ही या प्रकारातली लाडकी युक्ती याच्याशी जोडलेली आहे. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने 1961 मध्ये अशा कथनकाराला 'अविश्वसनीय निवेदक' हे नाव दिले. सांगणारा खोटे बोलत असेल, विसरत असेल किंवा स्वतःचीच फसगत करून घेत असेल, तर वाचकाला प्रत्येक वाक्य तपासून घ्यावे लागते. गिळून टाकायला शिकवलेली शंका इथे वाचनाची पहिली अट होते.

शेवट आधीच कळला, तर सगळे फुकट जाते का?

तसे असते तर या कथा कोणी दुसऱ्यांदा वाचल्या नसत्या. 'रिबेका'ची सुरुवातच निवेदिकेच्या स्वप्नाने होते आणि मँडर्ली आता उद्ध्वस्त, रानाने गिळलेले आहे, हे पहिल्याच पानांत कळते. तरी पुढे ताण कमी होत नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना त्या सरासरीने अधिकच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांनी नेमका उलट निष्कर्ष काढला, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. मला वाटते, की जी कथा केवळ शेवटच्या कलाटणीवर उभी आहे तिचे नुकसान होते, आणि जी वातावरणावर उभी आहे तिचे फारसे बिघडत नाही.

अशा वाचनाने मन बिघडते का?

निरोगी प्रौढ वाचकाचे मन केवळ अशा कथांमुळे बिघडते, असे मानायला मला आधार दिसत नाही. कोविडच्या साथीच्या सुरुवातीच्या काळातल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांनी त्या दिवसांत तुलनेने कमी मानसिक त्रास नोंदवला होता. अर्थात भयपटांनी त्यांना कणखर केले, की मुळात कणखर माणसेच भयपट पाहतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. ज्याची झोप आधीच उडालेली आहे किंवा जो स्वतः घरातल्या छळातून जातो आहे, त्याच्यासाठी ही भीती मालकी नसलेली राहत नाही, तेव्हा त्याने दूर राहणेच बरे. लहान मुलांबाबतही हीच काळजी घ्यावी.

मनोरुग्णांची बदनामी होते, त्याचे काय?

हा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो आणि तो मोठ्या प्रमाणात खरा आहे. 'शेवटी तो वेडा निघाला' हा या प्रकारातला सर्वात आळशी शेवट आहे, आणि तो पुन्हा पुन्हा वापरला गेल्यामुळे मानसिक आजार म्हणजे हिंसा असे समीकरण अनेकांच्या डोक्यात बसले आहे. वास्तव असे आहे, की गंभीर मानसिक आजार असलेली माणसे हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. ज्या समाजात आजही उपचारांसाठी डॉक्टरकडे जाणे लपवून ठेवले जाते, तिथे असा शेवट लिहिणाऱ्याने आणि उचलून धरणाऱ्याने या परिणामाची जबाबदारी घेतली पाहिजे. चांगल्या थरारकथेला या शेवटाची गरजही नसते. तिच्यातली माणसे मत्सर, लाज, एकटेपणा आणि प्रतिष्ठेचा हव्यास यांच्यापायी भयंकर वागतात, आणि ती भीती जास्त खरी असते, कारण या गोष्टी प्रत्येक घरात थोड्याफार असतात.

गुन्हेगाराची बाजू घ्यायला लावणे योग्य आहे का?

ज्यांना 'रिबेका' अजून वाचायची आहे, त्यांनी इथे थांबावे, कारण पुढे तिचे मर्म सांगितल्याशिवाय हे बोलता येणार नाही.

कादंबरीत उशिरा नवरा कबूल करतो, की रिबेका अपघाताने मेली नाही, त्याने तिला गोळी घातली. हे ऐकल्यावर निवेदिकेच्या मनात सर्वात आधी जे उसळते ते त्याच्या कृत्याबद्दलचे भय नसते. त्याने रिबेकावर कधीच प्रेम केले नव्हते, याचा तिला झालेला आनंद असतो. 1940 मध्ये चित्रपट झाला, तेव्हा अमेरिकी चित्रपटांना लागू असलेल्या आचारसंहितेनुसार बायकोचा खून करणारा नवरा शिक्षेवाचून सुटणे मान्य होण्यासारखे नव्हते, म्हणून तिथे रिबेकाचा मृत्यू झटापटीत पडून झाला असे दाखवले गेले. आक्षेप घेणाऱ्यांची भीती त्या संहितेच्या भीतीसारखीच आहे, की वाचक खून माफ करायला शिकेल.

पण चित्रपटात नवऱ्याचा गुन्हा पुसल्यामुळे प्रेक्षकाला स्वतःविषयी काहीच कळत नाही. कादंबरीत तसे होत नाही. तीनशे पाने आपण त्या बुजऱ्या मुलीच्या बाजूने उभे असतो, तिचा अपमान आपला मानतो, आणि म्हणून त्या कबुलीनंतर आपल्यालाही तिच्याबरोबर हायसे वाटते. नवरा पकडला जाऊ नये, पुरावा सापडू नये, चौकशीत निभावून जावे, अशी धाकधूक घेऊन आपण पुढची पाने उलटतो. मधेच कधीतरी लक्षात येते, की ज्या बाईच्या खुन्यासाठी आपला जीव खालीवर होतो आहे, तिची बाजू आपण एकदाही तिच्या तोंडून ऐकलेली नाही. जे काही कळले ते तिच्या नवऱ्याने सांगितलेले, आणि तो सुटावा अशी इच्छा असलेल्या बाईने आपल्यापर्यंत पोहोचवलेले.